कर्नल बिल्ड करताना डीबगचे पर्याय: कुठले चालू ठेवायचे, कुठले बंद?

बुडबुडा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. ऑफिसात एका यूएसबी उपकरणाचा लिनक्स ड्रायव्हर माझ्या गळ्यात पडलाय. ज्यांनी लिहिला ते गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेले, आणि ड्रायव्हर मेनलाइनमध्ये (लिनक्सच्या अधिकृत सोर्समध्ये) नाही, आमच्याकडेच आहे. लक्षण असं: उपकरण काढलं की कधीकधी थोड्या वेळाने अख्खं मशीन कोसळतं. ऊप्स, म्हणजे कर्नल कोसळताना छापतो तो रिपोर्ट, दरवेळी वेगळ्या ठिकाणी. एकदा ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममध्ये, एकदा नेटवर्कच्या कोडमध्ये, एकदा टायमरपाशी. ड्रायव्हरचं नाव त्यात कुठेच नाही.

म्हणून डिस्ट्रोचं कॉन्फिग (कर्नलचे पर्याय ठरवणारी फाइल) उचललं, कर्नल ६.६ चा सोर्स घेतला, मेन्यूकॉन्फिगमध्ये 'कर्नल हॅकिंग' उघडलं आणि दिसेल त्यापुढे वाय दाबत गेलो. बिल्ड झालं. पण बसवताना /बूट (कर्नल जिथे ठेवतात ती जागा) भरलं. जागा करून कसंबसं चढवलं, तर मशीन इतकं हळू की उपकरणाचं फर्मवेअर लोड होतानाच टाइमआउट. म्हणजे जो बग शोधायचाय तिथपर्यंत गाडी पोचतच नाही.

प्रश्न साधा आहे. यातले कुठले पर्याय कायम चालू ठेवावेत, कुठले गरजेपुरते, आणि कुणाची किंमत किती? हेल्प वाचली, पण तिथे सगळीकडे 'खात्री नसेल तर एन म्हणा' एवढंच.

तिरकस
खात्री असती तर कर्नल डीबग कशाला करत बसला असता, हे त्या हेल्प लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नाही वाटतं.

रुमाल टाकून ठेवतो. नाना येतीलच.

निवांत_नाना
आलो. (तिरकसशेठ, तुमच्या रुमालावर बसतोय.)

बुडबुडा, आधी एक गोंधळ निस्तरू. त्या मेनूतल्या निम्म्या गोष्टींनी चालू कर्नल तसूभरही हळू होत नाही, आणि उरलेल्यांपैकी दोन-चार मशीनला लोळवतात. सगळ्यांना 'डीबग' नाव असल्यामुळे माणूस एकाच तागडीत टाकतो.

'डीबग कर्नल' हा पर्याय स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. तो चालू केला की बाकीचे पर्याय दिसायला लागतात, इतकंच.

'डीबग इन्फो' म्हणजे ड्वार्फ माहिती, कुठला पत्ता कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीचा ते. ती व्हीएमलिनक्स फाइलमध्ये राहते. बूट होणाऱ्या बीझेडइमेजमध्ये ती जातच नाही. त्यामुळे डिस्क खाते, बिल्डचा वेळ खाते, पण वेग खात नाही. हे चालू ठेवच, नाहीतर स्टॅकट्रेसवरून (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्या यादीवरून) ओळ काढता येणार नाही. फक्त एक बदल लक्षात घे: ५.१८ पासून हा साधा हो-नाहीचा पर्याय राहिलेला नाही. तिथे आता निवड आहे: काही नको, टूलचेनचं डीफॉल्ट, ड्वार्फ ४, ड्वार्फ ५. जुन्या ब्लॉगमधली स्क्रिप्ट्स/कॉन्फिगवाली ओळ जशीच्या तशी मारली की 'डीबग इन्फो' वाय होतो, मग ओल्डडेफकॉन्फिग (कॉन्फिग सोर्सशी जुळवून घेणारी आज्ञा) तो गुपचूप पुसून टाकतं, आणि माणूस तासाभराच्या बिल्डनंतर डोकं धरून बसतो.

/बूट का भरलं? मॉड्यूल्समुळे, म्हणजे गरजेनुसार लोड होणाऱ्या कर्नलच्या सुट्या भागांमुळे. डीबग इन्फो असलेली मॉड्यूल्स तशीच बसवली की तीच /बूटमधल्या इनिट्रॅमएफएस या बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलमध्ये जातात, आणि ती फाइल कैक पट फुगते. मॉड्यूल्स_इन्स्टॉल करताना 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१' दे. बसवलेल्या प्रतीतून माहिती काढली जाते, बिल्डच्या फोल्डरमधली शाबूत राहते. विश्लेषण तिथेच करायचं असतं.

बाकी रात्री लिहितो.

पेठेतला_पेंग्विन
नानांना +१. माझी भर.

डिस्ट्रोचं कॉन्फिग उचललंस तर त्यात हजारो मॉड्यूल्स आहेत. 'लोकलमॉडकॉन्फिग' चालव, आत्ता लोड असलेली तेवढीच ठेवतो. पण चालवण्याआधी ते उपकरण जोडून ठेव, पेनड्राइव्ह लाव, लागत असेल ते सगळं एकदा वापर. नाहीतर ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्याच्याच खालचं यूएसबीचं मॉड्यूल गळून जायचं.

उबुंटूचं कॉन्फिग असेल तर 'कॅनॉनिकल-सर्ट्स.पेम' फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड अडतं. 'सिस्टिम ट्रस्टेड कीज' आणि 'रिव्होकेशन कीज' या दोन्ही स्ट्रिंग रिकाम्या करायच्या. दर महिन्याला कोणीतरी नवीन माणूस इथे हाच प्रश्न घेऊन येतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आणि 'लोकलव्हर्जन'ला '-डीबग' असं काहीतरी शेपूट लाव. दोन्ही कर्नल शेजारीशेजारी राहतील, ग्रबमधून (बूटच्या मेनूतून) हवा तो निवडायचा.

कॅनडाकर
मी जरा वेगळं सांगतो, पटणार नाही कदाचित. गेली अनेक वर्षं एम्बेडेडमध्ये आहे. हे सगळे सॅनिटायझर बिनिटायझर (चालत्या कोडवर पाळत ठेवणारे पर्याय) ठीक आहेत, पण नव्वद टक्के बग प्रिंटकेने (लॉगमध्ये ओळ छापणाऱ्या फंक्शनने) सापडतात. डिस्कनेक्टच्या फंक्शनमध्ये चार प्रिंटके टाका, सिरियल कन्सोल लावा, बघा काय होतंय. कॉन्फिगला हातसुद्धा लावू नका.

झिरो_पॉइंटर
कॅनडाकर, आदर ठेवून असहमत.

सिरियल कन्सोलवर ११५२०० बॉडला सेकंदाला साधारण ११,५२० अक्षरं जातात. ८० अक्षरांची एक ओळ म्हणजे सुमारे ७ मिलिसेकंद. वेळेच्या गणितावर अवलंबून असलेल्या बगमध्ये तुम्ही ७ मिलिसेकंदांचा खोडा घातलात, तर बग पळून जाणार आणि तुम्ही म्हणणार 'प्रिंटके टाकल्यावर बरं झालं'. असले ड्रायव्हर मी पाहिलेत, ज्यात 'ही ओळ काढू नका, काढली की क्रॅश होतो' अशी कॉमेंट असते.

ओळी हव्याच असतील तर ट्रेस_प्रिंटके वापरा. तो मेमरीतल्या रिंग बफरमध्ये लिहितो, खूपच हलका. (बूटच्या लॉगमध्ये मोठी चौकट येते, 'हा डीबग कर्नल आहे, प्रॉडक्शनमध्ये वापरू नका' म्हणून. घाबरायचं नाही.) किंवा ड्रायव्हरमध्ये आधीपासून पीआर_डीबग (एरवी बंद राहणाऱ्या प्रिंटकेच्या ओळी) असतील तर 'डायनॅमिक डीबग' चालू ठेवा. मग चालत्या मशीनवर कंट्रोल फाइलमध्ये लिहून हव्या त्या फाइलच्या, हव्या त्या फंक्शनच्या ओळी सुरू-बंद करता येतात. बहुतेक डिस्ट्रोंमध्ये तो चालूच असतो.

आता बुडबुडाच्या बगबद्दल. ऊप्स दरवेळी वेगळ्या जागी आणि ड्रायव्हरचं नाव नाही, म्हणजे कोणीतरी मोकळी केलेली मेमरी वापरतंय. ती जागा मधल्या काळात दुसऱ्याला मिळालेली असते, म्हणून बिचाऱ्या ईएक्सटी४ चं नाव येतं. इथे लॉकडेप (लॉक घेण्याचा क्रम तपासणारा), केमेमलीक (सोडायची राहिलेली मेमरी शोधणारा) यांचा उपयोग नाही. दोनच गोष्टी कर.

पहिली, कर्नल बिल्डच करू नकोस. 'स्लब डीबग' (कर्नलच्या मेमरी वाटपाची तपासणी) जवळपास सगळ्या डिस्ट्रो कर्नलमध्ये बांधलेलं असतं, फक्त झोपलेलं. बूटच्या ओळीत 'स्लब_डीबग=एफझेडपीयू' दे. पी म्हणजे पॉयझन: मोकळ्या केलेल्या मेमरीत ६बी हा बाइट भरून ठेवतो. यू म्हणजे शेवटी कोणी घेतली, कोणी सोडली याची नोंद. मग ऊप्समधल्या रजिस्टरात ६बी६बी६बी६बी दिसलं की समजायचं, मेलेल्या ऑब्जेक्टमधून पॉइंटर वाचला. ५ए५ए दिसलं तर घेतलेली पण न भरलेली मेमरी.

दुसरी, त्याने भागलं नाही तर केसॅन, म्हणजे मेमरीचं वाचन-लेखन तपासणारा सॅनिटायझर. तो सविस्तर.

केसॅन जेनेरिकमध्ये (त्याच्या सर्वसाधारण प्रकारात) दर ८ बाइटांमागे नोंदीसाठी १ बाइट सावलीमेमरी लागते, म्हणजे रॅमचा आठवा हिस्सा बूट होतानाच गेला. ८ जीबीच्या लॅपटॉपवर १ जीबी. शिवाय वेग साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पण मोकळी केलेली मेमरी तो लगेच दुसऱ्याला देत नाही, काही काळ क्वारंटाइनमध्ये ठेवतो. त्यामुळे चुकीचा वापर त्याच क्षणी पकडला जातो, आणि रिपोर्टमध्ये तीन स्टॅक येतात: कोणी हात लावला, कोणी घेतली होती, कोणी सोडली होती. तुला तिसरा स्टॅक हवाय.

चिंचगूळ
सावलीमेमरी हा शब्द कुठून आणला? मस्त आहे. उचलतेय.

रेषेवरची_मुंगी
लॉकडेपचा उपयोग नाही म्हणालात ते या बगपुरतं मान्य. पण धाग्याचा मूळ प्रश्न व्यापक आहे, म्हणून लॉकडेपची बाजू मांडते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी सगळ्यात जास्त परतावा देणारा पर्याय कुठला विचाराल तर माझं मत लॉकडेप चालू करणाऱ्या 'प्रूव्ह लॉकिंग'ला.

हा कर्नल डेव्हलपर इंगो मोल्नार यांनी आणला, २००६ पासून, २.६.१८ मध्ये. त्याची गंमत अशी की डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं) प्रत्यक्ष व्हावाच लागत नाही. एका मार्गाने अ मग ब असं लॉक घेतलं, आणि तासाभराने दुसऱ्याच मार्गाने ब मग अ घेतलं, की तो ओरडतो. दोघं कधीच समोरासमोर आले नाहीत तरी. ग्राहकाकडे वर्षातून एकदा होणारी अडकाअडकी तुमच्या टेबलावर पहिल्याच दिवशी दिसते.

दोन खाचा मात्र आहेत. पहिला रिपोर्ट दिला की लॉकडेप स्वतःला बंद करतो. म्हणजे कुठल्या तरी भलत्याच ड्रायव्हरचा रिपोर्ट बूट होतानाच आला, तर त्यानंतर तुमचा कोड तपासलाच जात नाही, आणि तुम्ही 'लॉकडेप स्वच्छ आहे' म्हणून खूश. डीमेसेज (कर्नलचा लॉग) सुरुवातीपासून वाचा. दुसरं, मालकी हक्काचं, जीपीएल नसलेलं मॉड्यूल लोड झालं की कर्नल टेंट होतो (त्याच्यावर डागाचा शिक्का बसतो) आणि लॉकडेपही बंद पडतो. ग्राफिक्सचा बंद ड्रायव्हर टाकलेल्या मशीनवर लॉकडेप चालवणारे लोक मी पाहिलेत.

जोडीला 'डीबग ॲटॉमिक स्लीप' लावा. स्पिनलॉक (ज्यासाठी बाकीचे सीपीयू जागीच गरगरत थांबतात ते लॉक) धरून झोपणारं फंक्शन बोलावलं की लगेच सांगतो. किंमत किरकोळ.

तिरकस
स्पिनलॉक धरून झोपणारं फंक्शन... आमचा मॅनेजर. सगळ्यांना अडवून स्वतः मीटिंगमध्ये.

सह्याद्रीपलीकडे
एवढं सगळं करण्यापेक्षा जीडीबी हा डीबगर लावा की सरळ. क्यूईएमयूला (आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामला) '-एस -एस' (एक लहान, एक मोठा) दिलं की १२३४ पोर्टवर जीडीबी जोडता येतो. बूटच्या ओळीत 'नोकेएएसएलआर' द्यायला विसरायचं नाही, नाहीतर पत्ते हलतात आणि ब्रेकपॉइंट हवेत बसतात. 'जीडीबी स्क्रिप्ट्स' चालू केलं तर एलएक्स-डीमेसेज, एलएक्स-पीएस असले आयते कमांड मिळतात.

एक शंका: पायरी पायरीने जाताना अर्धी व्हेरिएबल्स 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसतात. ऑप्टिमायझेशन शून्य करून बिल्ड करता येत नाही का?

निवांत_नाना
नाही येत. कर्नल काही ठिकाणी धरूनच चालतो की कंपायलर न लागणारा कोड उडवेल. बिल्ड_बग_ऑनसारखे मॅक्रो त्यावरच उभे आहेत. ऑप्टिमायझेशन शून्य केलं की लिंकच होत नाही. एखाद्याच फाइलपुरतं मेकफाइलमध्ये वेगळे फ्लॅग देऊन बघता येतं, पण तेही बेभरवशाचं.

डीबगर आणि कर्नल हे जुनं भांडण आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना कर्नलमध्ये डीबगर नको होता, २००० साली त्यांनी मेलिंग लिस्टवर तसं रोखठोक सांगितलं होतं. म्हणणं असं की डीबगर हाताशी असला की माणूस लक्षणावर पट्टी मारतो, कोड समजून घेत नाही. केजीडीबी (कर्नलमधला डीबगर) अखेर आत आला तो २००८ मध्ये, २.६.२६ ला. मधली वर्षं लोक तो पॅच बाहेरून लावत होते.

मला विचाराल तर लिनस यांचं निम्मं बरोबर. क्यूईएमयूमध्ये बूट अडकलं तर जीडीबीसारखं दुसरं काही नाही. पण बुडबुडाच्या बगमध्ये ब्रेकपॉइंट लावणार कुठे? गुन्हा झाला त्या वेळी कोणाला कळलंच नाही, प्रेत नंतर सापडलं.

कॅनडाकर
बरं बाबा, ७ मिलिसेकंदांचा मुद्दा मान्य. पण एक सांगा, हे केसॅन ग्राहकाच्या मशीनवर थोडंच चालवणार? आमच्याकडे बग तिथेच येतो. लॅबमध्ये कधीच नाही.

झिरो_पॉइंटर
त्यासाठी केफेन्स आहे, ५.१२ पासून. तो सगळ्यांना तपासत नाही. साधारण दर १०० मिलिसेकंदांनी एक अलोकेशन स्वतःच्या कुंपणात घेतो, दोन्ही बाजूंना संरक्षक पानं ठेवून. डीफॉल्ट २५५ ऑब्जेक्ट, मिळून २ एमबी मेमरी. एसटीत तिकीट तपासनीस रोज चढत नाही, पण चढला की विनातिकीटवाला सापडतो, तसं. एका मशीनवर महिनोन्महिने काही सापडणार नाही. हजार मशीन असतील तर सापडतं. वेगावर परिणाम जाणवण्याइतका नाही, त्यामुळे तो प्रॉडक्शनसाठीच बनवलाय.

आर्मची नवी चिप असेल आणि तिच्यात मेमरी टॅगिंग असेल, तर केसॅनचा हार्डवेअर टॅगवाला प्रकारही आहे. तो बराच स्वस्त पडतो. एक्स८६ वर मात्र जेनेरिकच.

पेठेतला_पेंग्विन
प्रॉडक्शनचा विषय निघालाच आहे तर 'डिटेक्ट हंग टास्क' आणि सॉफ्ट लॉकअप डिटेक्टर चालू असू द्या. एखादी प्रोसेस १२० सेकंद डी अवस्थेत (मध्येच उठवता न येणाऱ्या झोपेत) अडकली की पहिला तिचा स्टॅक छापतो. दुसरा, एखादा सीपीयू २० सेकंद कर्नलमध्ये गरगरत राहिला की. दोघांचीही किंमत नगण्य. आणि 'मॅजिक सिसआरक्यू'. मशीन लटकलं तरी कीबोर्ड जिवंत असेल तर ऑल्ट-सिसआरक्यू-डब्ल्यू दाबून अडकलेल्या सगळ्या प्रोसेस बघता येतात. लॅपटॉपवर ती की शोधण्यात वेळ जातो तेवढाच.

चिंचगूळ
केसीसॅनबद्दल कोणीच बोललं नाही?

रेषेवरची_मुंगी
डेटा रेससाठी (एकाच मेमरीला दोघांनी लॉकशिवाय एकदम हात लावणं) आहे, ५.८ पासून. पण केसॅन चालू असेल तर केसीसॅन मेनूत दिसतच नाही, दोन्ही एकत्र चालत नाहीत. म्हणजे 'सगळं वाय' ही गोष्ट मुळात शक्यच नव्हती, बुडबुडाने स्वतःला उगाच त्रास करून घेतला. :)

केसीसॅन नवख्याने पहिल्या दिवशी लावू नये. इतके रिपोर्ट येतात की त्यातले आपले कुठले, चालवून घ्यायचे कुठले, ते ठरवण्यातच आठवडा जातो.

बुडबुडा
मंडळी, प्रगती आहे!

झिरो_पॉइंटर यांनी सांगितल्याप्रमाणे आधी डिस्ट्रोच्याच कर्नलला स्लब_डीबग दिलं. उपकरण सारखं काढ-घाल करत बसलो. जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, नॉन-कॅनॉनिकल पत्ता, आणि रजिस्टरात ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी६बी. अक्षरशः टाळी वाजवली, शेजारची सहकारी बघायला लागली.

मग केसॅनचा वेगळा कर्नल, बाकी सगळं बंद ठेवून. हळू आहे पण वापरता येतो, फर्मवेअर लोड होतं. रिपोर्ट: यूज-आफ्टर-फ्री (सोडलेल्या मेमरीचा वापर), __रन_टायमर्समध्ये. घेतलेली मेमरी आमच्या प्रोबमध्ये (उपकरण जोडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये), सोडलेली आमच्या डिस्कनेक्टमध्ये. म्हणजे स्ट्रक्चर केफ्री झालं (त्याची मेमरी सोडली गेली) पण त्यातला टायमर अजून कर्नलच्या टायमरांच्या चाकावर लटकलेला आहे, असंच ना? डिस्कनेक्टमध्ये टायमर बंद केलेला दिसतोय मात्र, डेल_टायमर आहे तिथे.

झिरो_पॉइंटर
अगदी तसंच. डेल_टायमर रांगेतला टायमर काढतो. पण त्याच क्षणी दुसऱ्या सीपीयूवर त्याचं कॉलबॅक (वेळ झाली की चालणारं फंक्शन) चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबत नाही. डेल_टायमर_सिंक हवं.

निवांत_नाना
थांबा, सिंकनेही पुरतं भागेल असं नाही. यूआरबीचं (यूएसबीवरच्या देवाणघेवाणीच्या विनंतीचं) कम्प्लीशन फंक्शन, म्हणजे ती पुरी झाल्यावर चालणारं, तोच टायमर पुन्हा लावतंय का बघ. लावत असेल तर सिंक परतल्यानंतर आलेलं कम्प्लीशन त्याला पुन्हा जिवंत करेल. यूएसबी_किल_यूआरबी आधी, टायमर नंतर. आणि टायमरचं कॉलबॅकच उलटं यूआरबी सबमिट करत असेल, तर दोघं एकमेकांना उठवत राहतात. मग यूआरबी किलऐवजी पॉयझन कर, पुढचे सबमिट नाकारले जातात. तू ६.६ वर आहेस, तर टायमर_शटडाउन_सिंक वापर. ६.२ पासून आहे, एकदा बंद केला की तो टायमर परत लावताच येत नाही.

आणि 'डीबग ऑब्जेक्ट्स' मध्ये टायमरचा व फ्रीचा असे दोन्ही उपपर्याय लाव. चालू टायमर असलेली मेमरी केफ्री होताक्षणी ओडीबग (लॉगमध्ये या पर्यायाचं हेच नाव येतं) ओरडतो. मेमरी सोडणाऱ्या ओळीवरच बोट ठेवतो, पुढे कधीतरी कोसळेपर्यंत वाट बघावी लागत नाही.

बुडबुडा
नाना, कम्प्लीशनमध्ये टायमर पुन्हा लावणारं मॉड_टायमर आहे. :(

टायमरमधून सबमिट नाहीये, एवढं नशीब. क्रम बदलून शटडाउन_सिंक टाकलं. सकाळपासून काढ-घाल चालू आहे, केसॅन गप्प, ओडीबग गप्प. शेजारच्या सहकारीलाच कामाला लावलंय.

रेषेवरची_मुंगी
अभिनंदन. एक तपासून घे: ड्रायव्हरच्या मेकफाइलमध्ये 'केसॅन_सॅनिटाइझ := एन' वगैरे कोणी लिहून ठेवलं नाहीये ना? आणि मॉड्यूल याच डीबग कर्नलच्या फोल्डरवरून बिल्ड झालंय ना? बाहेरच्या ड्रायव्हरमध्ये आयती ऑब्जेक्ट फाइल जोडलेली असेल तर तिच्या आतल्या वाचन-लेखनावर केसॅनची नजर नसते. गप्प असणं आणि बघतच नसणं, बाहेरून सारखंच दिसतं.

बुडबुडा
तपासलं. मेकफाइल स्वच्छ आहे, ऑब्जेक्ट फाइल वगैरे नाही.

सह्याद्रीपलीकडे
मूळ प्रश्न राहिला की हो बाजूला. कायम चालू काय ठेवायचं?

निवांत_नाना
माझं असं चालतं. रोजच्या कर्नलमध्ये डीबग इन्फो, केऑलसिम्स (पत्त्यांना नावं देणारा), डायनॅमिक डीबग, एफट्रेस (फंक्शनांचा माग ठेवणारा), हंग टास्क, सिसआरक्यू, केफेन्स. एफट्रेसची भीती नको, बंद असताना फंक्शनांच्या सुरुवातीला नुसते नॉप (काहीच न करणाऱ्या सूचना) असतात. स्टॅक उलगडायला एक्स८६ वर ओआरसी, ४.१४ पासून आहे. त्याला थोडी मेमरी लागते, पण फ्रेम पॉइंटरसारखा प्रत्येक फंक्शनवर भार पडत नाही.

ड्रायव्हर लिहिताना दुसरा कर्नल: प्रूव्ह लॉकिंग, ॲटॉमिक स्लीप, डीबग ऑब्जेक्ट्स, यूबीसॅन (सी भाषेत बेभरवशाचं ठरणारं वर्तन पकडणारा). तिसरा, फक्त मेमरीचा संशय असेल तेव्हा, केसॅनचा. केमेमलीक मी मॉड्यूल शंभरदा चढवून-उतरवून झालं की एकदा चालवतो, एरवी नाही.

आणि हे मेन्यूकॉन्फिगमध्ये हाताने करू नकोस. प्रत्येक संचाची चार-पाच ओळींची छोटी फाइल ठेव आणि मर्ज_कॉन्फिग स्क्रिप्टने मूळ कॉन्फिगवर चढव. कर्नलच्या सोर्समध्येच कर्नल/कॉन्फिग्ज फोल्डरात एक डीबग.कॉन्फिग आयतं आहे, ते उघडून वाच. जसंच्या तसं लावू नकोस, त्यात केसॅनसकट बरंच काही आहे, पुन्हा फर्मवेअर टाइमआउटवर येशील.

कॅनडाकर
नानांच्या यादीत केफेन्स आहे म्हणून सही करतो. प्रिंटके मनातल्या मनात.

चिंचगूळ
उशिरा विचारतेय. माझ्या लॅपटॉपला सिरियल पोर्टच नाही, आणि कोसळला की पडदा गोठतो. ऊप्स वाचायचा कुठे? फोटो काढून काढून थकले.

पेठेतला_पेंग्विन
पीस्टोअर. ईएफआयवाला बॅकएंड चालू केलास तर कोसळतानाचा लॉगचा शेवटचा भाग फर्मवेअरच्या मेमरीत लिहिला जातो, पुढच्या बूटला /सिस/एफएस/पीस्टोअरमध्ये सापडतो. सिस्टमडी असेल तर तो उचलून /व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअरमध्ये ठेवतो, आधी तिथे बघ. काही डिस्ट्रो हा बॅकएंड बांधतात पण बंद ठेवतात, मग बूटच्या ओळीत 'ईएफआय_पीस्टोअर.पीस्टोअर_डिसेबल=०' द्यावं लागतं.

घरात दुसरं मशीन असेल तर नेटकन्सोल, तो लॉग नेटवर्कवरून तिकडे पाठवतो. वायरचं नेटवर्क लागतं, वायफायवर नाद करू नकोस. आणि पूर्ण मेमरीच हवी असेल तर केडंप, पण त्याला क्रॅशकर्नल म्हणून रॅम आधीच राखून ठेवावी लागते. किती जीबी आहे तुझ्याकडे?

चिंचगूळ
८. आणि त्यातला १ झिरो_पॉइंटरनी आधीच सावलीला दिलाय.